मागच्या खोलीतला परदेश

“अजून एक काढू या,” काचेपलीकडचा माणूस म्हणाला.

बारकीने श्वास रोखून धरला होता. तो सोडायचा की तसाच ठेवायचा हे त्याने सांगितलं नाही, म्हणून छाती थंडगार पत्र्याला टेकवून, हनुवटी वर करून, कोपरं पुढे ढकलून ती तशीच उभी राहिली. तिच्या आधी दोघं जण आत जाऊन आले होते. एक दाढीवाला मुलगा आणि एक सारखी केस मागे सारणारी मुलगी. दोघांचं एकेका फोटोत भागलं होतं. बटणं लावत, सुटल्यासारख्या चेहऱ्याने दोघं बाहेर पडले होते. आपण हललो असू, तिला वाटलं. पण हलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. कामावर तिला मजबुती तपासायला सिमेंटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे असत. कुठल्यातरी इमारतीचा मजला ज्या दिवशी ओतला, त्याच दिवशी त्याच मालातून पाडलेले आणि मग पाण्यात मुरवलेले ठोकळे. काटा चढत जायचा आणि ठोकळा तडकायच्या आधी एक क्षण असा यायचा की खोलीत काहीच ऐकू येत नसे. त्या क्षणी तिच्याइतकं स्तब्ध कुणालाच उभं राहता येत नव्हतं. साहेब म्हणायचे, ही पोरगी यंत्राबरोबरच आलीय. आता तोच क्षण उगीच लांबत चालला होता. “घ्या श्वास. धरा,” पलीकडून आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही.

डॉक्टर तरुण होता. वकिलातीने नेमलेला, दिवसभर परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या छात्या बघायच्या आणि शिक्के मारायचे, एवढंच त्याचं काम. त्याने फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. आपलीच हाडं अशी राखाडी, ओळीने लावलेली बघताना बारकीला संकोच वाटला. कुणी आपलं कपाट उघडून बघावं तसा. “हे इथे,” डॉक्टरने पेनाचं टोक टेकवलं, “उजवीकडे, वरच्या बाजूला. धूसर दिसतंय ना? जुना व्रण असेल, नाहीतर नवं काही असेल. नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. घरात कुणाला टीबी झाला होता?”

“नाही,” बारकी म्हणाली.

त्याचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता. उत्तर आधीच तोंडात तयार बसलं होतं आणि ते बाहेर पडलं तेव्हा आवाज तिचा नव्हता, आईचा होता. तोच किंचित दुखावलेला, समोरच्याने भलतंच काही विचारलंय असं दाखवणारा सूर. डॉक्टरने मान हलवली. थुंकी तपासावी लागेल, लागोपाठच्या तीन सकाळी, मग त्यात जंतू वाढतात का ते बघावं लागेल, त्याला दोनेक महिने सहज जातील. “तुमचा वर्ग कधी सुरू होतो?” त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने टेबलावरचा शिक्का नुसता इकडून तिकडे सरकवला.

बाहेर ऊन होतं. बस थांब्यावर माणसं नेहमीसारखी उभी होती आणि तिला पहिल्यांदाच आपल्या श्वासाची जाणीव झाली. तो आत कुठपर्यंत जातो, कशाला घासून येतो. घरात कुणाला झाला होता? त्या घरात तो शब्द कधी कुणी उच्चारलाच नव्हता. ताईला खोकला होता. ताईला ताप येत होता. ताई जरा अशक्त होती. ताईला मागच्या खोलीत मोकळं वाटतं, म्हणून ताई मागच्या खोलीत झोपते. त्याच्या आधी कितीतरी वर्षं दोघी बहिणी एकाच पलंगावर, एकाच पांघरुणात झोपत आल्या होत्या. ताई मोठी, लग्नाच्या वयाची; बारकी शाळकरी. ताई तिच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची आणि तिने ती ओळखायची. आणि पाठीमागून तिच्या मानेवर ताईचा ऊन ऊन श्वास येत राहायचा. तो श्वास तिने कसा मन भरून घेतला होता! ताई गेल्यावर न्यूमोनिया म्हणून सांगण्यात आलं. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, शाळेतल्या बाईंना. बारकीने स्वतः सांगितलं होतं, वर्गात उभी राहून. कठीण शब्द होता तो. नीट उच्चारल्याबद्दल तिला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता, आणि त्याची आठवण झाली की तिला अजून शरमेने मेल्यासारखं व्हायचं. नाव असूनही सगळ्यांनी तिला बारकीच म्हणणं चालू ठेवलं होतं. जणू मोठी अजून आत कुठेतरी होतीच.

घरी तिने सांगितलं तेव्हा आई कपड्यांच्या घड्या करत होती. एक घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली. “धूळ आहे ती,” आई म्हणाली. “इतकी वर्षं सिमेंटमध्ये उभी राहतेस. छातीत जाणारच. मी हजारदा सांगितलं, तोंडाला फडकं बांध.”

“आई, डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला—”

“आपल्या घरात असलं काही नाही,” आई म्हणाली. बारकीला तो सूर ओळखू आला. सकाळीच तो तिच्या तोंडून निघाला होता.

बाबा दारात बूट काढत होते. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून शांत आवाजात बोलत राहणं हे त्यांचं निम्मं काम होतं. घाबरू नका, हवा भरपूर आहे, दोन मिनिटांचं काम आहे. कधीकधी ते काम तासभर चाले, पण बाबांचा आवाज कधी बदलायचा नाही. “होईल,” ते आता म्हणाले, “दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तपासतील आणि सोडून देतील.” ते तिच्याकडे बघत नव्हते. मागच्या खोलीच्या दाराकडेही बघत नव्हते. आणि घर इतकं लहान होतं की या दोन्हीकडे न बघायचं तर माणसाला फक्त आपल्या बुटांकडेच बघता येत होतं.

परदेशी जायचं तिच्या मनात कधी आलं ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. विचारणाऱ्यांना ती सांगे, पूल बांधायचे शिकायचंय, तिकडे त्याची मोठी प्रयोगशाळा आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं असं होतं की तिने विद्यापीठांची माहिती चाळता चाळता एका वसतिगृहातल्या खोलीचं छायाचित्र बघितलं होतं. एक पलंग, एक टेबल, खिडकी आणि पांढरी भिंत. भिंतीवर काही नव्हतं. त्या खोलीत कुणी मेलं असेल तर ते तिच्या ओळखीचं नव्हतं. त्या पांढऱ्या भिंतीसाठी तिने भाषेची परीक्षा दिली, साहेबांकडून शिफारस घेतली, रात्रंदिवस निबंध लिहिले, आपल्याला पूल का आवडतात याच्या कहाण्या रचल्या. जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली. कामावरच्यांनी निरोप दिला. साहेबांनी शेवटचा ठोकळा तिच्याच हातून फोडून घेतला आणि म्हणाले, तिकडे जाऊन आम्हाला विसरलीस तरी चालेल, काटा बघायला विसरू नकोस. आईने जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला तारीख सांगून ठेवली होती. पोर परदेशी चालली, हे म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जे येई ते बारकीने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी आईचं काहीतरी फार जुनं परत करत असल्यासारखं.

तीन सकाळी तिने प्लास्टिकच्या डबीत थुंकी दिली. विद्यापीठाने कळवलं की जागा पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवता येईल. फार सौजन्याने लिहिलं होतं. त्या सौजन्याचा तिला राग आला. विमानाचा दिवस आला तेव्हा बॅग भरलेलीच होती, कारण ती रिकामी करायला कुणाचे हात धजत नव्हते. त्या सकाळी मावशीचा फोन आला. मावशी, आईची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी एकटी राहायची. “गेली का गं?” तिने विचारलं. फोन आईच्या कानाशी होता, पण मावशीचा आवाज मोठा असल्याने सगळं ऐकू येत होतं. आईने बारकीकडे बघितलं. बारकी तिच्यासमोर उभी होती, हातात टॉवेल घेऊन.

“गेली,” आई म्हणाली. “पहाटेच गेली.”

आईने हे ठरवून केलं नसावं. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेता आलं नाही, एवढंच. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ फोनवरच हात ठेवून बसली. “निकाल येईपर्यंत,” ती म्हणाली. “निकाल चांगला आला की तू जाशीलच ना? मग कशाला गावभर चर्चा?” तिला खरं म्हणजे थकल्यासारखं झालं होतं. आपण नाही आहोत, ही कल्पना तिला त्या वेळी वाईट वाटली नाही. उलट कुणीतरी अंगावर पांघरूण टाकावं तशी वाटली. संध्याकाळी आईने तिची गादी मागच्या खोलीत घातली. रस्त्याकडची खिडकी त्या खोलीला नव्हती.

निकाल चांगला आला नाही. जंतू वाढले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला सरकारी दवाखाना होता. आईने मुद्दाम तोच शोधून काढला. तोंड बांधून, मान खाली घालून बारकी तिथे जाऊन आली. गोळ्या देणारी बाई जाडजूड होती आणि सगळ्यांशी एकाच वेळी बोलायची. “सहा महिने. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. बरं वाटायला लागलं तरी सोडायच्या नाहीत, तिथेच घात होतो. लघवी लाल-केशरी होईल, डोळ्यांतलं पाणीही होईल, घाबरायचं नाही, औषधाचा रंग आहे. आणि तोंड काय असं पाडलंय? पूर्ण घेतल्या की ठणठणीत. याने मरायचे दिवस केव्हाच गेले.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, तोंड धुताना, बारकीला आरशात दिसलं की तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात केशरी ओल आली आहे. ती बघत राहिली. आणि मग तिला ताई दिसली. मागच्या खोलीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, उशीच्या अभ्र्यावर केशरी ठिपके. “ताई, तू केशरी रडतेस!” लहान बारकी हरखून म्हणाली होती. जगात असं रडणारं माणूस फक्त आपल्याकडे आहे असं तिला वाटलं होतं. ताईने ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. मग रुमालाचं टोक डोळ्याला लावून तिला दाखवलं, जादूगारासारखं. कितीतरी दिवस ते दोघींचं गुपित होतं. आणि मग एका दिवशी ताई रडली ते नुसतं पाणी होतं. साधं, सगळ्यांचं असतं तसं. बारकीचा अगदी हिरमोड झाला होता. त्या दिवसांत ताई बरी दिसत होती, गाल भरले होते, तिचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडची माणसं राहायला येणार म्हणून घराला रंग दिला होता. ती माणसं येऊन गेली. त्याच थंडीत ताई पुन्हा पडली, आणि मग उठली नाही. बारकी नळ चालू ठेवून आरशासमोर उभी होती. याने मरायचे दिवस केव्हाच गेले, ती बाई म्हणाली होती. ते दिवस ताईच्याही आधी गेले होते. मग? तिने नळ बंद केला. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बारकीने काही विचारलं नाही. उत्तर कसलं असेल हे तिला कुठेतरी कळत होतं, आणि ते ऐकून झाल्यावर त्याच आईच्या हातचं जेवायचं होतं.

पुढच्या वेळी ती गोळ्या देणारी बाई म्हणाली, “आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही. खुशाल हिंड-फिर, कामाला जा.” बारकीने ते घरी येऊन सांगितलं. “त्यांचं काय जातं सांगायला?” आई म्हणाली. “त्यांना थोडंच या जिन्यात राहायचंय?” शेजारणीला आईने सांगून ठेवलं होतं की पोरीला तिकडे वेगळी खोली मिळाली आहे. बाबांनी तिच्यासाठी मागच्या खोलीत एक चांगला दिवा लावून दिला. तो लावताना ते स्टुलावर उभे होते, हात वर, तोंड भिंतीकडे. “सहा महिने म्हणजे काय,” ते म्हणाले, “बघता बघता जातील.” अडकलेल्या माणसांशी बोलायचा तोच आवाज. बारकीच्या मनात आलं, बाबा, आतल्या माणसाला कळतं हो, बाहेरचा किती वेळ लागणार ते माहीत नसताना बोलतोय. पण तिने नुसतं स्टूल धरून ठेवलं.

मावशी दर आठवड्याला फोन करू लागली. आता तो फोन बारकीला यायचा. सुरुवातीला ती नुसतं हो-नाही म्हणे. थंडी आहे का गं? हो. जेवतेस ना? हो. मग हळूहळू तिला ते जमायला लागलं. त्या शहराचं हवामान ती आधी बघून ठेवायची. आज वारा फार आहे मावशी, छत्री उलटी होते. वर्गात एक म्हातारे प्राध्यापक आहेत, खडू हातात घेऊन विसरतात. खोलीची भिंत पांढरी आहे, अजून काही लावलं नाही. बोलताना तिचा आवाज मोकळा व्हायचा. मागच्या खोलीत बसून ती एका पुलावरून चालत जायची, खाली काळं पाणी, दोन्ही बाजूंना दिवे. फोन ठेवल्यावर मात्र ओठांना चव राहत नसे. एकदा मावशीने विचारलं, “तिकडे पोहायचा तलाव असेल ना गं? शीक तू. मी तुला शिकवायला हवं होतं.” आणि मग मावशीने घाईने फोन ठेवला.

मावशी पूर्वी पोहायला शिकवायची. गावच्या तलावावर तिच्या हाताखाली शेकडो पोरं तयार झाली होती. पाण्यात ती माणसासारखी दिसायचीच नाही, पाण्याचाच कुणी जिवलग असावा तशी दिसायची. लग्न ठरत असताना ताई तिच्याकडे काही दिवस राहायला गेली होती. मावशीने तिला एका सकाळी पाण्यात उतरवलं, हवा गार होती. घरी आली ती जरा खोकतच. नंतर न्यूमोनिया झाला असं जेव्हा घरातून सगळ्यांना सांगितलं गेलं, तेव्हा कुणी मावशीला बोल लावला नाही. लावावा लागला नाही. मावशीने शिकवणं सोडलं. त्याच तलावाच्या दारात ती आता तिकिटं फाडत बसायची, पाण्याकडे पाठ करून. बारकीला हे लहानपणापासून माहीत होतं, जसं एखाद्या नातेवाइकाचा पाय लंगडा असल्याचं माहीत असतं. त्यामागे काय आहे हे तिने कधी उलगडून बघितलं नव्हतं. आणि आता रोज सकाळी गोळ्या गिळताना ते आपोआप उलगडत होतं.

मावशी न सांगता आली ती एका दुपारी. गुडघ्याच्या डॉक्टरकडे आली होती, म्हटलं ताईला भेटून जावं. आईला ती ताईच म्हणायची. दाराची घंटा वाजली तेव्हा बारकी स्वयंपाकघरात पाणी पीत होती. आईने भोकातून बघितलं, वळली आणि काही न बोलता बोटाने मागची खोली दाखवली. बारकी आत गेली. पाठोपाठ तिला एक आवाज ऐकू आला. बारीक, धातूचा. आईने बाहेरून कडी लावली होती. तिला आधी खरंच वाटलं नाही. तिने दाराला तळवा लावून हलकेच दाबून बघितलं. लावली होती.

ती दाराशी जमिनीवर बसली. बाहेर खुर्ची सरकली, मावशी हुश्श करून बसली. गुडघ्याचं झालं, जिन्याचं झालं, बारकीच्या कौतुकाचं झालं. “काय गोड बोलते गं फोनवर! तिचा तो पूल मला आता डोळ्यांसमोर दिसतो.” आई हं हं करत होती. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग मावशी जरा थांबून म्हणाली, “एक बरं झालं, ही तरी सुटली. मला सारखं वाटायचं, हिलाही काही होईल आणि तेही माझ्याच हातून.”

“काहीतरीच काय,” आई म्हणाली.

“नाही गं. अजून मला झोपेत तिचे ओठ दिसतात. निळे. बाहेर काढ म्हणत होती, मावशी, गारठले मी, आणि मी हसून म्हटलं, अजून एक फेरी मार. एक फेरी, ताई. ती मी मारायला लावली नसती तर—”

बारकीने डोळे मिटून घेतले. आता आई सांगेल, तिला वाटलं. इतकं ऐकल्यावर कुणीही सांगेल. बाहेर कपबशीचा आवाज झाला.

“जाऊ दे आता,” आई म्हणाली. “तू काय मुद्दाम केलंस?”

बारकीने दारावर थाप मारली. एकदा, मग पुन्हा. बाहेर शांत झालं. “काय वाजलं?” मावशीने विचारलं. आई म्हणाली, मागचं दार असेल, वाऱ्याने वाजतं. बारकी उभी राहिली आणि दोन्ही मुठींनी दार वाजवू लागली. तिने हाक मारली नाही. हाक कुणाला मारायची ते तिला ठरवता येत नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाची सावकाश पावलं जवळ आली, आई म्हणाली, “थांब, मी बघते,” पण तोवर कडी निघाली होती.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. हात कडीवरच होता. “तू?” ती म्हणाली. “कधी आलीस?”

“मी गेलेच नव्हते, मावशी. मला टीबी झालाय. औषध चालू आहे, आता माझ्यापासून काही होत नाही, भिऊ नकोस. ताईलाही तोच होता. तुझ्याकडे यायच्या आधीपासून होता. न्यूमोनिया नव्हता. पाण्याने काही झालं नाही, तुझ्यामुळे काही झालं नाही.”

हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं. ते ऐकून मावशीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरेल, ती रडेल, कदाचित आईवर ओरडेल, असं तिने धरलं होतं. मावशी मागे सरकत सरकत खुर्चीपर्यंत गेली आणि बसली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, हिशेब जुळत नसलेल्या माणसासारख्या.

“म्हणजे त्या गोळ्या,” मावशी म्हणाली.

आईने हातातली कपबशी ओट्यावर ठेवली.

“ती माझ्याकडे आली होती तेव्हा. रोज सकाळी पिशवीतून गोळ्या काढायची, बघायची आणि परत ठेवायची. मी विचारलं, घेत का नाहीस? तर म्हणाली, आईने सांगितलंय सध्या बंद ठेव, गोळ्यांनी सगळं रंगतं, पाहुण्यांना दिसेल. ते येऊन गेले की परत सुरू करायच्या. मला म्हणाली, मावशी, पण डॉक्टरांनी सोडू नको म्हटलंय, काय करू?” मावशीने वर बघितलं. आधी आईकडे, मग बारकीकडे. “मला वाटलं, शक्तीच्या गोळ्या असतील. मी म्हटलं, आई सांगते तसं कर. आईला जास्त कळतं.”

आई ओट्याला पाठ टेकून उभी होती. गॅसवर चहा वर आला आणि उतू गेला. जळल्याचा वास पसरला, तरी तिने हात पुढे केला नाही. बारकीनेच जाऊन बटण फिरवलं. आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एखाद्या घरातलं सगळं सामान हलवल्यावर भिंती दिसतात तसा तो दिसत होता. “ते लोक चार दिवस राहणार होते,” आई म्हणाली, कुणालाच नाही. “चारच दिवस.”

मावशी उठली. तिने पिशवी घेतली, पिशवीत डॉक्टरचा कागद आहे ना ते बघितलं, चष्मा पुसला. दाराशी ती बारकीजवळ थांबली आणि तिच्या गालाला हात लावण्यासाठी तिने हात उचललाही. पण तो मध्येच कुठेतरी राहिला आणि खाली आला. ती भ्यायली होती की आणखी काही, ते बारकीला कधीच कळलं नाही. जिन्यावरून तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणारी. आई म्हणाली, “चहा न घेताच गेली.”

त्यानंतर मावशीचा फोन आला नाही. तिने कुणाला काही सांगितलंही नाही, हे हळूहळू लक्षात आलं. नातेवाइकांत कुठेच कुजबुज झाली नाही. बारकीने दोनदा फोन लावला, तो वाजत राहिला. पुढे ओळखीच्या कुणाकडून तरी कळलं की मावशीने तलावावरची नोकरी सोडली. गोळ्या संपल्या. फोटो पुन्हा निघाला, यावेळी एकच; थुंकी स्वच्छ आली. या सगळ्या महिन्यांत बारकी आणि आई एकमेकींशी बोलत होत्या. मीठ कमी आहे का, दूध आलं का, दिवा बंद कर. ताईबद्दल मात्र दोघी बोलल्या नाहीत. एकदा आईला ताप आला तेव्हा बारकी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. आईने डोळे न उघडता तिचा हात धरला, आणि बारकीने तो सोडवून घेतला नाही, पण आपणहून दाबलाही नाही. तेवढंच तिला करता आलं.

पुढचं वर्ष सुरू व्हायच्या सुमारास ती खरोखर निघाली. या खेपेला निरोप द्यायला कुणी आलं नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ती वर्षापूर्वीच गेली होती. आईने गेले काही दिवस तिला जिन्यात, रस्त्यावर मोकळेपणाने फिरू दिलं होतं. पोर सुट्टीला आलीय, ती म्हणायची. लोक बारकीला तिकडचं विचारत, आणि बारकी सांगे. वाऱ्याचं, छत्रीचं, म्हाताऱ्या प्राध्यापकांचं. सगळं तयारच होतं. मनात यायचं, आता सांगावं, आत्ता, या जिन्यात. मग मावशीचा तो मध्येच राहिलेला हात डोळ्यांसमोर यायचा आणि जीभ जड व्हायची.

बाबांनी बॅग उचलली. आई कुलूप लावत होती. वरून शेजारीण खाली आली, कडेवर तिची नात.

“अगं बाई, संपलीसुद्धा सुट्टी?”

बारकीने आईकडे बघितलं. आई कुलपातली किल्ली फिरवायची थांबली होती. तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून कळत होतं की तिने श्वास रोखून धरलाय.

“हो,” बारकी म्हणाली, “संपली.”

किल्ली फिरली. शेजारणीने नातीचा इवलासा हात धरून हलवला, या मावशीला टाटा कर म्हणाली, आणि घरची तिघं बॅग सांभाळत, एकामागून एक जिना उतरू लागली.